जोड लावण्याचा खेळ

माझ्या कंपनीच्या पहिल्या कार्यक्रमातल्या आठही कुस्त्या बरोबरीत सुटल्या.

कंपनी म्हणजे फोनवरच्या खेळातली. त्या खेळात आपण कुस्तीच्या कंपनीचे मालक असतो. पैलवान आपले, जोड्या आपण लावायच्या, कोणती कुस्ती कितवी ते आपण ठरवायचं, आणि कार्यक्रम संपला की खेळ प्रत्येक कुस्तीला आणि एकूण कार्यक्रमाला शंभरपैकी गुण देतो. मला एकोणीस मिळाले. माझी लेक तेव्हा खाटेवर पडून होती, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला. तिनं फोन हातात घेतला, माझी यादी वरून खाली पाहिली आणि इतकी हसली की तिला गुडघा धरून बसावं लागलं.

"बाबा, जिंकणाऱ्याच्या रकान्यात तुम्ही काहीच नाही लिहिलं."

मी म्हणालो, कुस्ती व्हायच्या आधी जिंकणारा कोण हे मी कसं लिहू?

"तेच तं लिहायचं असते."

मी चिखलीच्या बाजारात मापारी आहे. सव्वीस वर्षं शेतमाल काट्यावर मोजतो. पोतं काट्यावर चढायच्या आधी वजन लिहून मोकळा होणाऱ्या माणसाला आमच्यात मापारी म्हणत नाहीत, दुसरं काहीतरी म्हणतात. त्यामुळे रकाना कोरा ठेवण्यात माझं काही चुकलं असं मला वाटलं नव्हतं. खेळानं मात्र कोऱ्या रकान्याचा अर्थ बरोबरी असा लावला होता.

लेक बुलढाण्याला होस्टेलवर राहून शिकते आणि तिथंच मॅटवर कुस्तीचा सराव करते. दिवाळीनंतर सरावात गुडघ्याची शीर दुखावली. डॉक्टरांनी सहा आठवडे घरी आराम सांगितला आणि पाच महिने कुस्ती बंद. घरी पडून पडून तिनं हा खेळ फोनवर घेतला. होस्टेलच्या चार-पाच मैत्रिणी तो आधीपासून खेळत होत्या. मी बाजारातून आलो की तिच्याजवळ बसायचो. काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही, म्हणून ती मला एक कंपनी उघडून देऊन मोकळी झाली.

आमच्या गावची यात्रा चैत्रात असते, आणि यात्रेत कुस्त्यांची दंगल. गाव अमडापूरच्या अलीकडं, फार मोठं नाही, पण दंगलीला आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांतून माणूस येतो. दंगलीच्या सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. जिंकला त्याला मूठभर रेवड्या, हरला त्यालाही रेवड्या. तेव्हा लोक अजून येत असतात, बसायला सावली शोधत असतात, आखाड्याकडं कुणाचं लक्ष नसतं. त्याच वेळात पोरींची एक कुस्ती उरकून घेण्याची आमच्याकडं पद्धत पडली होती. दोन मिनिटं झाली की पंच दोघींचे हात धरून वर करतात. बरोबरी. दोघींना एकेक नारळ. बाहेरच्या स्पर्धांत माझी लेक पाच वर्षं निकाली कुस्त्या खेळते, म्हणजे एक जिंकेपर्यंत. गावात मात्र ती सलग तीन वर्षं पाचवीतल्या पोरांच्या मागोमाग मातीत उतरली आणि नारळ घेऊन घरी आली.

डॉक्टरांचे पाच महिने आणि यात्रेचे पाच महिने जुळत होते. घरी आली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं मला सांगून ठेवलं.

"गुडघा बरा झाला तं गावात खेळीन. पण रेवडीच्या वेळेले नाही, अन् निकालाशिवाय नाही. तसं असंल तं गावच्या मातीत माहा पाय पुन्हा नाही."

दंगलीच्या पाच पंचांमध्ये मी एक आहे. पैलवानांची वजनं घेणं आणि यादी लिहिणं माझ्याकडं असतं. ती हे कुणाला सुनावत होती ते मला कळलं. पण मी खेळाकडं वळलो.

जिंकणारा आधी ठरवायचा, हे मला सहजासहजी पचलं नाही. ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडं नुरा कुस्ती म्हणतात, आणि नुरा खेळल्याचा नुसता संशय आला तरी लोक पैलवानाला अंगावरची माती झटकू देत नाहीत. मी लेकीला स्पष्ट सांगितलं की मी नुरा लावणार नाही. ती म्हणाली, नुरा म्हणजे लोकांना फसवणं. इथं पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की निकाल ठरलेला आहे. दंडारीच्या नाटकात राक्षस मरणार हे माहीत असूनही लोक बसतातच ना? मी एक दिवस घेतला. दुसऱ्या दिवशी बाजारातून परत येताना जीपमध्ये मला ते पटलं.

माझी पहिली पद्धत वजनाची होती. पैलवान वजनाच्या क्रमानं लावले, दोन किलोच्या आतल्या जोड्या केल्या आणि ज्याचा जोर जास्त त्याला जिंकवलं. खेळात प्रत्येकाचा जोर, दम, डाव, लोकप्रियता असे आकडे दिलेले असतात. आकडे दिलेत तर त्यांचा मान ठेवावा, असं माझं मत. सहा कार्यक्रम तसे केले. गुण चाळीसच्या वर गेले नाहीत आणि दर वेळी माणसं आधीपेक्षा कमी आली.

"तुम्ही मापच करून राह्यले," लेक म्हणाली. "लोक माप पाहाले येते का? पुढच्या वेळेले काय होईन म्हणून येते."

मग मी दोनशे पानी वही आणली. कितवी कुस्ती, किती मिनिटं, आधीच्या कुस्तीला किती गुण, हिला किती, असे चार रकाने आखले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. एक जोडी धरली आणि तेवढ्याच मिनिटांची कुस्ती वेगवेगळ्या जागी लावून पाहिली. तिसऱ्या जागी तिला अठ्ठेचाळीस गुण मिळाले. सातव्या जागी चौसष्ट. पैलवान तेच, मिनिटं तीच, डावही तेच. मी ते पाच वेळा करून पाहिलं, कारण एकदा आलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. थोड्याफार फरकानं दर वेळी तेच आलं.

पुढं एकेक गोष्ट उमगत गेली. दोन लांब कुस्त्या पाठोपाठ लावल्या तर दुसरी कितीही चांगली असो, पडते, कारण पाहणारा दमलेला असतो. दोन लांब कुस्त्यांच्या मधे एक चपळ, दोन मिनिटांत संपणारी लावली की तिसरी उठून दिसते. लोकांचे लाडके दोन पैलवान एकमेकांसमोर लगेच आणायचे नाहीत, लोकांनी मागेपर्यंत थांबायचं. आणि हरणाऱ्याला कसं हरवायचं ते जिंकणाऱ्यापेक्षा जास्त पाहायचं. दोन मिनिटांत हरला तर तो संपला. वीस मिनिटं झुंजून हरला तर तो पूर्वीपेक्षा मोठा होतो. हे शेवटचं मला वहीत लिहितानाही खरं वाटत नव्हतं, पण लोकप्रियतेच्या रकान्यात आकडा चढलेला समोर दिसत होता.

लेकीच्या मैत्रिणींचा फोनवर एक ग्रुप होता. सगळ्या आपापल्या कंपनीचे गुण तिथं टाकायच्या आणि अडचणी सांगायच्या. एकीनं चॅम्पियनचा पट्टा दर आठवड्याला नव्या पैलवानाला दिला होता, आता तिच्या पट्ट्याला कुणी विचारत नव्हतं. दुसरीनं आपल्या लाडक्या पैलवानाला दोन वर्षं हरूच दिलं नव्हतं आणि लोक कंटाळून गेले होते. तिसरीचा मुख्य पैलवान मोठ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जखमी झाला होता. लेकीनं माझ्या वहीच्या दोन पानांचा फोटो तिथं टाकला. कोणाचं अक्षर आहे, म्हणून विचारणा झाली. बाबांचं, म्हणून उत्तर गेलं. त्यानंतर "बाबाले विचार ना" असे निरोप यायला लागले. जखमी पैलवानाच्या प्रश्नाला मी पानभर उत्तर लिहून दिलं: त्याला घरी बसवू नका, पट्ट्यासकट आखाड्याच्या कडेला खुर्चीवर बसवा आणि त्याच्या जागेसाठी दोघांना झुंजवा. त्या मुलीला ब्याऐंशी गुण मिळाले. तिनं मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बाजारात मी हे कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी मी चहा दोनदा घेतला.

संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी दुपारी आम्ही अंगणात तुरीच्या उकडलेल्या शेंगा खात बसलो होतो. लेक आता काठीशिवाय चालायची. ती माझा फोन चाळत होती. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या कंपनीत एक पैलवान मुलगी तयार करून दिली होती. उंची तिची, वजन तिचं, केसही तसेच. नाव तेवढं वेगळं.

"बाबा, ही मी आहे ना?"

"हाव."

"खेळात दोन वर्षं झाले कंपनीले. हिच्या चौतीस कुस्त्या झाल्या. एकही जिंकली नाही. अन् सगळ्या यादीत दुसऱ्या नंबरच्या. काऊन?"

मी खरं ते सांगितलं. मालकाची पोरगी आहे. मालकानंच जिंकवली तर बरं दिसतं का?

"कोणाले दिसते, बाबा? फोनातल्या लोकाइले?"

माझी बायको शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पंधरा ऑगस्टले शाळेत जिलबी वाटाले हे होते, तवा पोरीच्या वाट्याले चुरा आला. हे जुनंच आहे."

मी हसलो, पण लेक हसली नाही. ती फोन माझ्याकडं देत म्हणाली, "इथंबी रेवडीच्याच वेळेले ठेवली तुम्ही मले."

मी वही काढून पाहिली. चौतीसच्या चौतीस खऱ्या होत्या. जी जागा तीन वर्षं गावानं तिला दिली होती, तीच मी दिली होती, आणि ती मी न्याय समजून दिली होती. काट्याचं पारडं एका बाजूला झुकू नये म्हणून मी ते दुसऱ्या बाजूला दाबून धरलं होतं. मापाऱ्याला ही चूक कळायला चौतीस पोती लागायला नको होती.

त्यानंतर मी त्या मुलीची गोष्ट नीट लावली. एकदम पट्टा दिला नाही, ते माझ्या वहीच्याही विरुद्ध होतं. आधी तिला पाचव्या जागी नेलं आणि कंपनीतल्या सर्वांत तगड्या मुलीशी पंधरा मिनिटं लढवून हरवलं. मग दोन विजय दिले. मग त्या तगड्या मुलीला खेळातले चार महिने तिच्यासमोर येऊच दिलं नाही. लोकांची मागणी वाढत चालल्याचं खेळ दाखवत होता. शेवटी मोठ्या कार्यक्रमात ती जोड शेवटून दुसरी लावली, तिच्या आधी एक छोटी, चपळ कुस्ती ठेवली, आणि माझी लेक जिंकली. एक्याण्णव गुण. कंपनीच्या इतिहासात तेवढे कधी मिळाले नव्हते, त्यानंतरच्या पुरुषांच्या मुख्य कुस्तीलासुद्धा नाही. बायकोनं ते वाचून दाखवायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "आता हे पंचाइले वाचून दाखवा."

यात्रेच्या अकरा दिवस आधी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पंचांची बैठक झाली. आमचे मुख्य पंच म्हणजे गावच्या तालमीचे वस्ताद. सत्तरीच्या पुढं गेलेत, तरुणपणी त्यांनी पाच जिल्ह्यांची माती अंगाला लावलेली आहे, आणि जोडी लावण्यात त्यांचा शब्द शेवटचा असतो. मी खेळाची वही नेली नाही. एकच कागद नेला, त्यावर मागच्या वर्षीच्या दंगलीची यादी होती. एकवीस कुस्त्या. त्यातल्या शेवटच्या चारही लांबलचक आणि पाठोपाठ. माणसं मोजणं शक्य नव्हतं, म्हणून मी मागच्या वर्षी रस्त्याच्या कडेच्या मोटारसायकली मोजल्या होत्या. पंधराव्या कुस्तीला एकशे अठ्ठेचाळीस होत्या. शेवटच्या मोठ्या कुस्तीला त्रेसष्ट.

वस्तादांना ते लागलं. शेवटची कुस्ती अर्ध्या रिकाम्या मैदानात झाली हे त्यांनीही पाहिलं होतं. काय करावं म्हणता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं: अठराव्या लांब कुस्तीनंतर हलक्या वजनाच्या दोन चपळ पोरांची कुस्ती लावा. तिच्यानंतर, विसावी, पोरींची. निकाली. आठ मिनिटं, आणि तेवढ्यात निकाल लागला नाही तर जादा वेळ. मग मोठी कुस्ती. लोकांनी पोरींची निकाली कुस्ती या गावात पाहिलेली नाही, म्हणून ते उठणार नाहीत.

पिठाच्या गिरणीवाले पंच हसले. "पोरगी घरची, अन् जागा शेवटून दुसरी. मापाऱ्याचं माप बरोबर लागलं बुवा."

हे कुणीतरी म्हणणार हे मी धरूनच आलो होतो. पोरींची जोड मी लावणार नाही, वजन मी घेणार नाही, त्या कुस्तीच्या वेळी पंचांच्या टेबलावर बसणार नाही, आणि वस्तादांनी माझी लेक घेतलीच नाही तरी कुस्तीची जागा तीच राहील, असं मी कागदाच्या खाली लिहून सही केली होती. तो कागद गिरणीवाल्यांच्या पुढं सरकवला.

वस्तादांनी तो वाचला. मग तंबाखू मळत मला विचारलं, "फोनात कुस्त्या लावता म्हणे तुम्ही."

"हाव."

"तिथं जिंकते कोण?"

"मी सांगीन तो."

ओट्यावरचे सगळे हसले. वस्तादही हसले. "इथं तसं नाही चालत, मापारी."

"म्हणून तं जिंकणाऱ्याचं मी काहीच नाही म्हणत, वस्ताद. कितवी, एवढंच म्हणून राह्यलो."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. म्हणाले, लावून पाहू. पण लोक उठले तर पुढच्या साली पोरी पुन्हा रेवड्यांत, आणि मग हा विषय काढायचा नाही. मी मान हलवली.

घरी सांगितलं तेव्हा लेक एवढंच म्हणाली की मग सरावाला लागते. बायको माझ्यावर उखडली. जागा मिळवलीत आणि वजन घेणं सोडून आलात, उद्या तिच्यासमोर हत्ती उभा केला तर काय करणार आहात, असं ती म्हणाली.

हत्ती नाही, पण तीन दिवसांनी वस्तादांनी लावलेली जोड कळली. मुलगी जानेफळकडची. वजन साडेअठ्ठावन्न किलो. माझ्या लेकीचं पंचावन्न. साडेतीन किलोचा फरक मी कुठल्याही जोडीत चालवून घेतला नसता. दोन किलोच्या वर मी यादीवर लाल खूण करतो. मी वस्तादांच्या दारापर्यंत गेलो. ते ओसरीवर भुईमूग निवडत बसले होते. मी पाणी प्यायलो, उन्हाबद्दल बोललो आणि परत आलो. सही केलेली होती.

लेकीला मी फरक सांगितला. ती गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती. म्हणाली, "जोड लागली ना? विसावी ना? मंग बस. तिले मी पाह्यलं आहे, लय चांगली खेळते."

दंगलीच्या दिवशी एकोणीस कुस्त्या मी टेबलावर बसून लिहिल्या. अठरावी तेवीस मिनिटं चालली. लोक कंटाळले, कडेचे उठू लागले. मग ती दोन हलकी पोरं उतरली आणि दीड मिनिटात एकानं दुसऱ्याला उचलून चीत केलं. मैदान हसलं, उठलेले लोक उभे राहूनच थांबले. ही जागा मी शिकलो होतो ती फोनवर, आणि ती इथं मातीतही तशीच चालली. मला तिथं खरोखर बरं वाटलं. मी पेन गिरणीवाल्यांच्या हातात दिलं, टेबल सोडलं आणि बांधावर बायकोजवळ जाऊन बसलो. गर्दीत बसून दंगल पाहण्याची माझी कितीतरी वर्षांत पहिली वेळ.

विसावी पुकारली. आमच्या मागं दोन म्हातारे होते. एक चहाला उठत होता.

"बस बे," दुसरा म्हणाला. "ह्या पोरी निकाली खेळून राह्यल्या."

"निकाली?"

"असं पुकारलं नाही का आत्ता? कानात काय बोंड घातलं काय?"

पहिला बसला.

आठ मिनिटांचं वर्णन मला नीट करता येणार नाही, कारण मी निम्मा वेळ तिच्या गुडघ्याकडंच पाहत होतो. जानेफळची मुलगी वजनानं दाबत होती, माझी लेक निसटत होती. एकदा लेकीनं तिला कडेपर्यंत रेटत नेलं. एकदा ती स्वतः पालथी पडली आणि पाठ टेकू न देता उठली. डफडं थांबलेलं मला आधी कळलंच नाही. वाजवणारा उभा राहून पाहत होता. आठ मिनिटं झाली. निकाल नाही.

वस्ताद आखाड्यात आले. सवयीनं त्यांनी दोघींची मनगटं धरली आणि हात वर न्यायला सुरुवात केली. तीन वर्षं माझ्या लेकीचा हात याच वेळी वर गेला होता. या वेळी तिनं तो खाली ओढून घेतला.

"निकाली सांगितली होती, वस्ताद."

ती ओरडली नाही, पण मैदान इतकं शांत होतं की बांधावर ऐकू आलं. वस्तादांनी दुसऱ्या मुलीकडं पाहिलं. जानेफळच्या मुलीनंही हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "हाव, निकालच लावा."

 मग वस्ताद चार पावलं मागं गेले आणि त्यांनी पुकारलं: जादा तीन मिनिटं, आधी कब्जा घेईल, म्हणजे मागून पकड बसवेल, ती जिंकली.

लेकीनं वाट पाहिली नाही. ती खाली वाकून समोरच्या पायात शिरली. डाव बरोबर होता, पण तो पूर्ण व्हायच्या आत दुसरीनं आपलं सगळं वजन तिच्या पाठीवर टाकलं, फिरली आणि मागून कब्जा घेतला. संपलं. साडेतीन किलो कुठं लागले ते मला बांधावरून दिसलं. मी ते कुणाला बोललो नाही, आणि लेकीनं तर आजपर्यंत त्याचा उल्लेख केलेला नाही.

मैदान उठलं, पण जायला नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्या कुणासाठी हे कळायला मार्ग नव्हता. बक्षिसाची पितळी घागर जानेफळच्या मुलीला मिळाली. तिनं ती खाली ठेवली आणि आधी माझ्या लेकीच्या पाठीवरची माती झटकली. मागचा म्हातारा सोबत्याला सांगत होता की ही आपल्या मापाऱ्याची पोरगी, हात काढून घेतला तिनं वस्तादाच्या हातातून. सोबती म्हणत होता, दिसलं मले, मी काय झोपलो होतो? बायको डोळे पुसत होती आणि पुसता पुसता मला विचारत होती की मोटारसायकली मोजल्या का. मी मोजल्या. एकशे एक्क्याऐंशी. मोठी कुस्ती लागली तेव्हाही एकशे एक्क्याऐंशी होत्या.

मला अभिमान वाटला हे मी लपवत नाही. जागा मी मागून आणली होती, त्याचा थोडा. तिनं हात ओढून घेतला, त्याचा बराच. ते तिला मी शिकवलेलं नव्हतं. माझ्यासारखा माणूस त्या क्षणी पंचाचा मान म्हणून हात वर जाऊ देईल आणि नारळ घेऊन घरी येईल.

मोठी कुस्ती संपल्यावर मी हिशेबाच्या टेबलाकडं गेलो. लेक तिथंच खुर्चीवर बसून गुडघ्यावर ओला टॉवेल दाबत होती. चार-पाच माणसं जमली होती. पुढच्या साली हीच जोड लावा म्हणून ते वस्तादांच्या मागं लागले होते, आणि त्यात गिरणीवाले सगळ्यांत पुढं होते. मला पाहून त्यांनी मलाच मधे घालायचा प्रयत्न केला. मी म्हणालो, पोरींची जोड मी लावत नाही.

वस्ताद लेकीच्या समोर येऊन उभे राहिले. त्यांना थोडं वाकावं लागलं.

"पुढच्या साली हीच जोड. खेळशील का, बाई?"

तिनं टॉवेल बाजूला ठेवला.

"कितवी?"

वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. मी यादीची घडी करून खिशात घातली. मग ते तिच्याकडं वळून म्हणाले, "विसावी. तुह्यी जागा आहे आता ते."

"निकाली?"

"निकाली."

"मंग हाव," ती म्हणाली, आणि टॉवेल पुन्हा गुडघ्यावर ठेवला.